किल्ली कुणाकडे आहे?



कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या पेपरात ‘टोकन रिंग सविस्तर समजवा (८ गुण)’ असा प्रश्न आला की पोरांचे चेहरे खुलतात. सोपा प्रश्न! रुपयाचं नाणं ठेवून एक गोल काढायचा, त्यावर चार चौकोन चिकटवायचे, एक बाण फिरवायचा आणि बाणावर ‘टोकन’ असं लिहायचं. पुढे दोन वाक्यं : ज्याच्याकडे टोकन त्यानेच बोलायचं, बोलून झालं की टोकन पुढच्याला द्यायचं. शेवटी फायदे तीन, तोटे तीन, खाली रेघ. मी आता शिकवायच्या बाजूला आहे, त्यामुळे असे गोल दरवर्षी ढिगाने बघतो.

गोल बरोबर असतो. मार्कही देतो. पण टोकन रिंगमधलं जे खरं अवघड काम आहे ते त्या गोलात कुठेच नसतं. टोकन वाटेत हरवलं तर? चुकून दोन झाली तर? ज्याच्याकडे टोकन आहे तोच बंद पडला तर? आणि एखाद्याची निकड खरंच मोठी असेल तर त्याला मध्येच नंबर द्यायचा का? दिला, तर बाकीच्यांचं काय? ‘एका वेळी एकानेच’ हा नियम एका ओळीत लिहून होतो. पण तो नियम जिवंत ठेवायला सगळ्यांना मिळून एकमेकांना किती लहानसहान निरोप सतत द्यावे लागतात, हे मला पुस्तकातून कळलं नाही. ते कळलं २०१६ च्या उन्हाळ्यात, एका हॉस्टेलच्या पहिल्या मजल्यावर, एका पितळी किल्लीमुळे.

आधी मंडळींची ओळख करून देतो. टोकन रिंगवर बरंचसं काम झालं ते आयबीएमच्या झुरिकच्या प्रयोगशाळेत. १९८५ साली आयबीएमने ती बाजारात आणली आणि आयईईईचं ‘८०२.५’ हे प्रमाण याच पद्धतीचं. वेग सुरुवातीला सेकंदाला ४ मेगाबिट, नंतर १६. आम्ही शिकत होतो तेव्हा ती बाजारातून केव्हाच उठली होती, पण लॅबच्या कपाटात तिचा एक जड डबा होता. आठ यंत्रं जोडायला आठ सॉकेट आणि शेजारच्या डब्यांना जोडायला दोन्ही टोकांना एकेक. नाव रिंग, पण तारा सगळ्या या डब्यात येतात. बाहेरून बघाल तर चांदणी, गोल आहे तो डब्याच्या पोटात. गंमत म्हणजे या डब्याला लाइटची जोडणीच नव्हती! प्रत्येक सॉकेटमागे एक रिले. यंत्रातलं कार्ड सुरू झालं की तेच तारेवरून थोडासा डीसी दाब देतं, रिले ‘टक्’ करून सरकतो आणि यंत्र गोलात सामील होतं. यंत्र बंद पडलं की दाब जातो, रिले मूळ जागी येतो आणि गोल त्या यंत्राला वगळून पुन्हा जुळतो. एक जण गेला म्हणून बाकीच्यांचं काम अडत नाही.

आमचे सर हे शिकवताना म्हणायचे, “हे सगळं आता म्युझियममध्ये. परीक्षेपुरतं करा.” आम्हीही परीक्षेपुरतंच करणार होतो.

२०१६ चा उन्हाळा मराठवाड्यात ज्याने काढला त्याला वेगळं सांगायला नको. लागोपाठ दोन वर्षं पावसाने पाठ फिरवलेली. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, दहा वाघिणींची, साधारण पाच लाख लिटर पाण्याची. आमचं हॉस्टेल लातुरातलं नव्हतं, पण टँकर आमच्याही नशिबी आला. एक दिवसाआड यायचा.

हॉस्टेल चौकोनी, मधोमध चौक, चारी बाजूंनी व्हरांडा. पहिल्या मजल्यावर १०१ ते १२२ अशा बावीस खोल्या. जिन्यापासून डावीकडे निघालं की फिरत फिरत पुन्हा जिन्यापाशीच. १११ आणि ११२ च्या मध्ये पाण्याची खोली : एक टाकी, एक नळ. माणसं सहासष्ट.

टँकरचा हॉर्न वाजला की जो गोंधळ व्हायचा तो काय वर्णावा! बादल्यांचा खणखणाट, चपलांचा फटफटाट, “ए, मी आधी आलोय” आणि “तुझ्या नावावर आहे का नळ?” दोघं एकदम नळाशी भिडले की बाचाबाची, थोडं पाणी फरशीवर, मग दोघंही तणतणत खोलीत. थोड्या वेळाने पुन्हा येऊन बघायचं. तेव्हाही दुसरा कुणीतरी असायचाच.

आता ज्यांनी इथरनेटचा धडा वाचलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल. जुन्या, सामायिक तारेवरच्या इथरनेटची हीच रीत होती. तार मोकळी आहे का ते ऐकायचं, मोकळी असेल तर बोलायचं. दोघं एकदम बोलले तर टक्कर. मग दोघांनीही गप्प बसायचं आणि प्रत्येकाने फासा टाकून येईल तेवढा वेळ थांबायचं. पुन्हा टक्कर झाली की थांबायची कमाल मर्यादा दुप्पट (दहाव्या टकरीनंतर मात्र ती वाढत नाही), आणि लागोपाठ १६ टकरी झाल्या की कार्ड त्या फ्रेमचा नाद सोडून देतं. नियम सगळ्यांना सारखा, वरकरणी अगदी न्याय्य. पण यात एक मेख आहे. जो जिंकला त्याचा टकरींचा हिशेब शून्यावर येतो. जो हरला त्याचा वाढलेलाच राहतो. त्यामुळे पुढच्या झटापटीत जिंकलेला लवकर पुढे सरसावतो आणि हरलेला आणखी लांब थांबतो. एकदा मागे पडलेला मागेच पडत जातो.

आमच्याकडे मागे पडलेली खोली होती १२२. फर्स्ट इयरची तिघं, नळापासून सगळ्यात लांब, त्यात आवाजही बेताचा. एकदा त्यांना सलग दोन दिवस बादलीभरही पाणी मिळालं नाही. त्यांनी भांडणही केलं नाही, हे विशेष. त्यातला एक बीड जिल्ह्यातल्या खेड्यातला. व्हरांड्यात रिकामी बादली घेऊन उभा होता, तेव्हा मी सहज म्हणालो, “अरे, चार दिवस घरी तरी जाऊन ये.”

तो म्हणाला, “घरी टँकर चार दिवसांनी येतो, दादा. इथं बरंय.”

यावर काय बोलणार?

त्या रात्री माझा रूममेट, उदगीरकडचा, ईएनटीसीवाला, पाठ्यपुस्तक पोटावर ठेवून पंख्याकडे बघत होता. मी विचारलं, “काय करूलालास रे?” त्याच्याच भाषेत. तो म्हणाला, “आपल्या मजल्याचं इथरनेट झालंय. रिंग करू.”

दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातून एक दणकट कुलूप आणलं आणि पाण्याच्या खोलीला लावलं. कुलपाबरोबर किल्ल्या दोन. एक रेक्टर सरांच्या टेबलाच्या खणात, दुसरी फिरती. किल्ली १०१ पासून १०२, १०२ पासून १०३ अशी फिरणार आणि १२२ नंतर परत १०१. ज्याच्या हातात किल्ली त्याच खोलीने पाणी भरायचं. जास्तीत जास्त चार बादल्या, जास्तीत जास्त दहा मिनिटं. पाणी नको असेल तर किल्ली तशीच पुढे. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक, आणि रोज सुरुवातीची खोली एकाने पुढे सरकणार, म्हणजे पहाटे पाचला उठायचा मान सगळ्यांना!

वरच्या वर्गातली पोरं खवळली. “आम्ही काय केजीत आहोत का, नंबर लावायला?” तेव्हा रूममेटने भिंतीवर खडूने एकच गुणाकार लिहिला : २२ × १० = २२०. म्हणाला, “सगळ्यांनी पूर्ण वेळ घेतला तरी एका फेरीत तीन तास चाळीस मिनिटांच्या वर कुणाला थांबावं लागणार नाही. आजच्या पद्धतीत तू किती थांबशील, सांग.” कुणालाच सांगता येईना.

टोकन रिंगचा सगळा जीव या गुणाकारात आहे. ८०२.५ मध्ये टोकन धरून ठेवायची मुदत नेहमीची १० मिलिसेकंद असते. यंत्रं किती हे माहीत असलं की कुणाचा नंबर उशिरात उशिरा कधी येईल हे आधी सांगता येतं. इथरनेटवर सरासरी सांगता यायची, कमाल मर्यादा नाही. आणि १२२ ला सरासरीशी काय देणंघेणं?

तोटाही लपवत नाही. दुपारी सगळे कॉलेजात असताना मजल्यावर एकच जण असेल, तरी किल्ली जिथे असेल तिथून त्याला शोधून आणावी लागायची. नळ मोकळा, टाकी भरलेली, आणि हा किल्लीच्या मागे! गर्दी नसताना रिंग अशीच त्रास देते. टोकन आपल्यापर्यंत येईस्तोवर थांबावंच लागतं.

असो. पहिले चार दिवस मजेत गेले. मग एकेक भानगड सुरू झाली. आणि प्रत्येक भानगडीला त्या ‘म्युझियम’मधल्या पुस्तकात उत्तर लिहून ठेवलेलं होतं.

पहिली भानगड : कुलूप लावलेल्या खोल्या. १०८ वाले तिघंही गावी गेलेले. १०७ वाला किल्ली घेऊन दारात उभा, पुढे काय? उत्तर डब्यातल्या रिलेने दिलेलं. ज्या खोलीला बाहेरून कुलूप, ती वगळायची, किल्ली थेट १०९ ला.

दुसरी भानगड : बेवारस बादल्या. कुणीतरी नळाखाली बादली भरून तिथेच ठेवून जायचं आणि विसरायचं. पुढच्याला वाटायचं आत कुणी आहे. रिंगमध्येही असं होतं. नियम असा, की ज्याने फ्रेम सोडली तिनेच पूर्ण फेरी मारून परत आल्यावर त्यानेच ती काढून घ्यायची. जाताना ती पावतीसुद्धा घेऊन येते, पत्ता ओळखला गेला का आणि मजकूर उतरवून घेतला का, याचे दोन वेगळे बिट असतात. पण सोडणाराच मध्ये बंद पडला, तर ती फ्रेम अनाथ होऊन फिरतच राहणार. म्हणून फ्रेममध्ये एक ‘मॉनिटर बिट’ असतो. रिंगवरचा मॉनिटर फ्रेम पहिल्यांदा जाताना तो बिट १ करून ठेवतो. तीच फ्रेम दुसऱ्यांदा आली आणि बिट आधीच १ दिसला, की हिचा धनी राहिलेला नाही हे त्याला कळतं आणि तो रिंग साफ करतो. आमच्याकडे रूममेट खडू घेऊन फिरायचा. बेवारस बादलीवर फुली. पुढच्या फेरीत फुलीची बादली तिथेच दिसली, की पाणी परत टाकीत आणि बादली व्हरांड्यात. आठवड्यात बादल्या विसरणं बंद झालं.

तिसरी भानगड मोठी. १०९ चा एक जण शनिवारी सकाळी एसटीने गावी गेला, पॅंटच्या खिशात किल्ली! सगळा मजला ठप्प. “किल्ली कुणाकडे आहे?” हा प्रश्न चौकाच्या चारी बाजूंनी घुमायला लागला.

टोकन हरवणं हे रिंगमध्ये नेहमीचंच. टोकन म्हणजे जेमतेम तीन बाइट, चोवीस बिट. तारेवर थोडी खरखर झाली की बिघडलंच. म्हणून रिंगवर एक यंत्र ‘अ‍ॅक्टिव्ह मॉनिटर’ म्हणून काम बघतं. १० मिलिसेकंदात धड टोकन किंवा फ्रेम नजरेस पडली नाही, की ते रिंग साफ करतं आणि नवं टोकन सोडतं. शिवाय सगळ्यांना घड्याळाचा ठोका तेच पुरवतं आणि टोकन पूर्ण मावेल एवढी जागाही तेच करून देतं. ४ मेगाबिटच्या रिंगवर एक बिट सुमारे ५० मीटर तार व्यापतो. म्हणजे चोवीस बिटांना १२०० मीटर तार हवी. एवढी तार छोट्या रिंगमध्ये कुठून आणणार? मग मॉनिटर स्वतःजवळ चोवीस बिटांचा मुक्काम ठेवतो.

रूममेटने खणातली किल्ली आणली आणि फेरी आमच्या १०४ पासून नव्याने सुरू केली. सोमवारी १०९ चा प्रवासी परतला, खिशातली किल्ली त्याने निरागसपणे ११० ला दिली, आणि अर्धा तास मजल्यावर दोन किल्ल्या! एकाच नळाशी पुन्हा दोन खोल्या, पुन्हा बाचाबाची. रूममेटने जुनी किल्ली जप्त करून खणात टाकली आणि नियमाच्या कागदावर एक ओळ वाढवली : ‘फिरणारी किल्ली एकच.’

चौथी गोष्ट मात्र मी विसरणार नाही. मेच्या सुरुवातीला रूममेट बहिणीच्या लग्नाला गेला, आठ दिवसांसाठी. आता मजला कोण बघणार? दोन-तीन वजनदार मंडळी लगेच पुढे आली. तेव्हा कुणीतरी भिंतीवरचा कागद दाखवला. रूममेटने जाण्याआधीच लिहून ठेवलं होतं : ‘मॉनिटर नसेल तर सगळ्यात मोठ्या नंबरची खोली.’

हे त्याच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. टोकन रिंगवर अ‍ॅक्टिव्ह मॉनिटर दर ७ सेकंदांनी ‘मी आहे’ असा निरोप फिरवतो. त्यामागोमाग प्रत्येक यंत्र ‘मीही आहे’ असं सांगतं आणि त्यातून प्रत्येकाला आपल्या आधी कोण बसलंय ते कळतं. बाकीची सगळी यंत्रं ‘स्टँडबाय मॉनिटर’. त्यांचं कामच हे, की पहारा देणाऱ्यावर पहारा द्यायचा. १५ सेकंद त्याचा निरोप आला नाही की निवडणूक. उमेदवार आपापला पत्ता रिंगवर फिरवतात. आपल्यापेक्षा मोठा पत्ता दिसला की माघार घेतात. सर्वांत मोठा पत्ता जिंकतो. ना वशिला, ना ज्येष्ठता, ना आवाज.

आणि सगळ्यात मोठा नंबर कुणाचा? १२२ चा!

ज्यांना दोन दिवस पाणी मिळालं नव्हतं, त्यांच्या हातात मजल्याचा कारभार आला. कुरकुर झाली, पण नियम आधीच लिहिलेला आणि सगळ्यांनी मान्य केलेला. बीडचा तो मुलगा खडू घेऊन फिरायला लागला. सकाळ-संध्याकाळ व्हरांड्यातून एक फेरी मारून “किल्ली फिरतेय, किल्ली फिरतेय” असं सांगायचा. तेव्हा पहिल्यांदा मजल्याला त्याचा आवाज कळला.

त्याच आठवड्यात ११५ मधल्या एकाला कावीळ झाली. परीक्षा तोंडावर, घर लांब, त्यामुळे तो हॉस्टेलवरच राहिला. त्याची भांडी, कपडे, सगळं वेगळं धुवायचं, स्वच्छता पाळायची. नंबराची वाट बघून चालणार नव्हतं. १२२ वाल्याने पाण्याच्या खोलीच्या दारावर एक पाटी लावली. डावीकडे ‘चालू’, उजवीकडे ‘मागणी’. ज्याला निकड असेल त्याने ‘मागणी’खाली खोली आणि कारण लिहायचं. भरून बाहेर पडणाऱ्याने पाटी वाचायची आणि किल्ली पुढच्या खोलीला न देता त्या खोलीला पोचवायची.

रिंगमध्ये हुबेहूब असंच आहे. टोकनवर प्राधान्याचे तीन बिट आणि मागणीचे तीन बिट असतात. तीन बिट म्हणजे ० ते ७ अशा आठ पातळ्या, आणि कुठल्या कामाला कुठली पातळी ते आधी ठरवून ठेवायचं असतं. समोरून फ्रेम जात असताना निकड असलेलं यंत्र तिच्यावर आपली मागणी नोंदवतं. सध्या बोलणारा आपलं बोलणं संपवताना टोकन त्या वरच्या पातळीचं करून सोडतो. मधली कमी पातळीची यंत्रं त्याला हात लावत नाहीत, ते निकडीवाल्याकडे जातं.

पण खरी गोष्ट याच्या पुढे आहे, आणि ती परीक्षेच्या उत्तरात मी आजवर फार थोड्यांकडून वाचली आहे. ज्या यंत्राने टोकनची पातळी वर नेली, त्याच यंत्राने ती पुन्हा खाली आणायची. आधीची पातळी ते स्वतःजवळ जपून ठेवतं. निकडीचं काम संपून टोकन परत आलं की पातळी पूर्वीची करतं, आणि फेरी जिथे तुटली तिथूनच पुढे चालू होते. निकडीवाल्याने फक्त मागायचं. मोडलेला क्रम सांधायची जबाबदारी वाट करून देणाऱ्याची.

पहिल्याच दिवशी आमच्याकडे हे चुकलं. १०६ ने किल्ली ११५ ला दिली. ११५ ने सवयीने ११६ ला. १०७ ते ११४ अशा आठ खोल्या कोरड्या! संध्याकाळी आठही खोल्या व्हरांड्यात जमा, आणि आजारी पोराला सगळ्यांनी पाण्यात पाहायची वेळ आली. बीडवाला शांतपणे म्हणाला, “११५ चं काय चुकलं? त्यांनी मागितलं, १०६ नं दिलं. आता १०६ नंच ११५ च्या दारात थांबायचं, किल्ली घ्यायची आणि १०७ ला द्यायची. मग कुणाचंच जात नाही.” हे त्याने पुस्तकात वाचलं नव्हतं. फर्स्ट इयरला नेटवर्क्स नसतंच!

तेव्हापासून तसंच झालं. तीन आठवडे त्या आजारी मुलाला वेळेवर पाणी मिळालं आणि त्यापायी एकाही खोलीचा नंबर बुडाला नाही. मध्ये एका बहाद्दराने पाटीवर ‘बाइक धुवायची आहे’ अशी मागणी नोंदवली होती. बीडवाल्याने तिच्यापुढे खडूने फक्त ‘पातळी ०’ एवढं लिहिलं. मजला दोन दिवस हसत होता.

एक आणखी सांगायचं राहिलं. एकदा किल्ली ११८ ला पोचलीच नाही. ते ओरडायला लागले, “११७ कडून काही येत नाही!” रिंग तुटली की असंच करतात, त्याला ‘बीकन’ म्हणतात. ज्याला वरच्या शेजाऱ्याकडून काही ऐकू येईनासं होतं, तो त्या शेजाऱ्याचं नाव घेऊन पुन्हा पुन्हा पुकारा करतो. तो दोष कुणाचा हे ठरवत नाही, कुठून ऐकू येत नाही एवढंच सांगतो. आणि ज्याचं नाव घेतलं जातं, ते यंत्र असे आठ पुकारे ऐकल्यावर स्वतः होऊन रिंगमधून बाजूला होतं, स्वतःची तपासणी करतं, आणि सगळं ठीक असेल तरच परत येतं. ११७ वाले कानात हेडफोन घालून झोपले होते, हा भाग वेगळा. पण ‘माझं नाव येतंय, म्हणजे आधी मी मला तपासतो’ असं म्हणणारं यंत्र माणसाने बनवलं, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं. अजूनही वाटतं.

त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस चांगला झाला. टाक्या भरल्या, नळ वाहायला लागले, आणि किल्लीचं काम आपोआप सुटलं. टोकन रिंगही अशीच गेली. तिचं कार्ड महाग, इथरनेटचं स्वस्त, हे एक कारण झालंच. त्याहून मोठं कारण म्हणजे स्विच आला. प्रत्येक यंत्राला स्वतःची स्वतंत्र तार मिळाली, दोन्ही दिशांनी एकदम बोलायची सोय झाली. तारेत वाटेकरीच उरला नाही, तर नंबर कशाला लावायचा? प्रत्येकाच्या खोलीत नळ आला म्हणा ना!

पण जिथे वाटेकरी आहेत तिथे हा विचार पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. सेकंदाला १०० मेगाबिटची एफडीडीआय आली, तीत प्रत्येक यंत्र ‘मला टोकन किती वेळात परत हवं’ ते सांगायचं आणि सगळ्यात कमी वेळ मागणाऱ्याचा आकडा सगळे पाळायचे. म्हणजे सगळ्यात घाईच्या गरजेला बाकीच्यांनी सांभाळून घ्यायचं. २००४ च्या आयईईई ८०२.१७ या प्रमाणातल्या रिंगमध्ये टोकनच नाही. ज्या ठिकाणी गर्दी झाली ते ठिकाण आपल्या मागच्यांना कळवतं, की बाबांनो, एवढ्याच वेगाने सोडा, मलाही थोडी जागा हवी. आणि हॉस्टेलचं वायफाय? हवा एकच, तिची तार कापून प्रत्येकाला देता येत नाही. म्हणून वायफाय ६ मध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट स्वतः निरोप देऊन, कुणी केव्हा आणि कुठल्या पट्ट्यात बोलायचं ते वाटून देऊ शकतो. रात्री अकराला सगळा मजला एकदम ऑनलाइन येतो तेव्हा हे आठवा.

टोकनच्या तीन बाइटांमधला मधला बाइट मी वर्गात नेहमी फळ्यावर मोठा करून लिहितो. आठ बिट. हे टोकन आहे की कुणाची फ्रेम, हे सांगायला त्यातला एकच बिट लागतो. एक बिट मॉनिटरच्या खडूचा. उरलेले सहा दुसऱ्या कुणाची गरज आपल्याहून मोठी आहे का, हे विचारण्यात गेलेले असतात.

ते कुलूप पास आउट होताना रूममेट माझ्याकडे ठेवून गेला. अजून चालतं, मध्ये तेल घातलंय. एखाद्या एप्रिलमध्ये तुमच्या मजल्यावरची टाकी तळाला गेली तर स्टाफरूममध्ये या आणि घेऊन जा. किल्ल्या दोन्ही आहेत. फिरवताना मात्र एकच फिरवा.